मंगळवारच्या आधी

शनिवार, १ ऑक्टोबर

माफी असावी. रमझाननंतर इथे एक ओळही लिहिलेली नाही. आधी आळस होता, मग आळसाची लाज, आणि ऑगस्टपासून भीती – लिहिलं की खरं होईल अशी. पण ते न लिहिताही खरं झालंच आहे. तेव्हा लिहितो.

सुहैबला कर्करोग आहे. सुहैब म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, सव्वीस वर्षांचा. भाऊ गेल्यापासून त्याला काका म्हणून आणि बाप म्हणूनही मीच. गाठ सापडली ती न्हाव्याला! मानेवर वस्तरा फिरवताना तो थांबला आणि म्हणाला, हे मागच्या खेपेला इथे नव्हतं. मग अम्मानच्या फेऱ्या, सुया, तपासण्या. नाव हॉजकिन. डॉक्टरीणबाई सडेतोड आहेत. म्हणाल्या, कुणी मला कर्करोगांतला एक निवडायला लावला असता तर मी हाच निवडला असता. सहा महिने किमो, बहुतेक जण बरे होतात. सुहैब म्हणाला, 'म्हणजे माझी आवड चांगली आहे.' बाई हसल्या. मी हसलो नाही, आणि नंतर वाटलं, हसायला हवं होतं.

किमो मंगळवारी अठरा तारखेला सुरू होणार. आणि त्याआधीच्या शुक्रवारी, चौदाला, त्याची जाहा आहे. आम्ही सगळी वडीलधारी मंडळी अरीजच्या घरी तिला मागणी घालायला जाणार. तारीख जूनमध्ये ठरली होती, गाठ दिसायच्या आधी.

वहिनींचा हुकूम झाला आहे: तिथे आजाराबद्दल एक अक्षर काढायचं नाही. त्या आजाराचं नावही घेत नाहीत, 'ते' म्हणतात. 'आधी जाहा पार पडू द्या भावजी, 'ते' नंतर बघू.' मी मान हलवली. हलवायला नको होती का?

सोमवार, ३ ऑक्टोबर

आज गच्चीवरची कबुतरं गेली. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय – किमोत अंगातली ताकद जाते, कबुतरांच्या विष्ठेतून काहीही बाधा होऊ शकते, एकही पक्षी घरात नको. सुहैबनं एकेकाला हातात धरून काहीतरी सांगितलं आणि पिंजऱ्यात ठेवलं. त्याचा मित्र शाहेर ती जर्काला घेऊन गेला.

गंमत अशी की सुहैबविरुद्ध अरीजच्या बापाची, अबू राकानची, एकच तक्रार होती – मुलगा कबुतरं उडवतो. कबुतरवाल्याची साक्ष कोर्टातही धरत नाहीत असं आमच्या सल्त गावातले म्हातारे सांगतात. पोरगी तीन महिने बापाशी भांडली तेव्हा कुठे तो जाहाला तयार झाला. आता ते व्यंग गेलं. जे सांगता येण्याजोगं होतं तेच नेमकं गेलं.

संध्याकाळी गच्चीवर फडफड. शाहेरनं जर्कात पिंजरा उघडला आणि अर्धी कबुतरं इथे परत! शाहेरचा फोन – 'अरे, मी अजून जेवलोही नाही, आणि यांना माझा कंटाळा आला.' वहिनी आयुष्यभर या कबुतरांना शिव्या घालत आल्या. आज त्यांनीच परातीत पाणी ठेवलं. मग सुहैबला खाली पाठवलं आणि स्वतः तोंडाला फडकं बांधून त्यांना पकडत बसल्या. एकही हाती लागलं नाही.

बुधवार, ५ ऑक्टोबर

हे लिहावं की नाही यावर बराच वेळ घालवला. पण इथे नाही तर कुठे?

किमोनं पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. म्हणून बीज आधीच गोठवून ठेवतात. सुहैब मला म्हणाला, 'काका, एकट्याला जायला लाज वाटते. तुम्ही चला.' मी म्हटलं, दोघांनी गेल्यानं लाज कमी होते की दुप्पट? तरी गेलो. तिथल्या बाकावर मी आणि पाच जोडपी. एका बाईनं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि शेजारची जागा सरकून दिली.

खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, पत्नीचं नाव? सुहैब म्हणाला, 'अजून नाही.' तिनं तसंच लिहिलं असावं, कारण ती लिहिता लिहिता हसली.

आमचा सुहैब फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो. काम झाल्यावर बाहेर येतो कसला! तिथल्या तंत्रज्ञाला गाठून चौकशी सुरू – टाकी केवढी, द्रवरूप नायट्रोजन किती दिवसांनी भरता, घंटा कुठे वाजते, रात्री कोण ऐकतं. तो बिचारा उत्तरं देता देता घामाघूम. शेवटी त्यानं विचारलं, तुम्ही तपासणी खात्याचे का? तपासणी खात्याचा तर मी! वजनमापांचा निरीक्षक – आयुष्यभर दुकानदारांचे तराजू पाहिले.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, 'आजवर लोकांची मटणं वाचवली, काका. आता माझं पोरगं शीतपेटीत आहे.' एवढं हसलो की गाडी कडेला घ्यावी लागली. मग मला वाटलं, अरीजलाही हे कळायला नको का? तिचंही काही त्या टाकीत आहेच की.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

बायकोनं, नुहानं, विचारलं, आज इतके गप्प का? मी म्हटलं, वाचतोय. पान सकाळचंच होतं हे तिनं पाहिलं.

रविवार, ९ ऑक्टोबर

संकट. आमच्या घराण्यातर्फे जाहामध्ये नेहमी मिथकालकाका बोलतात. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज असा की मागची रांगही ताठ बसते. पण त्यांची कवळी मोडली. नवी यायला दहा-बारा दिवस. 'दातांवाचून मुलगी मागितली तर ते देतील,' काका म्हणाले, 'पण हसत देतील. मी येईन, पुढे बसेन, तोंड उघडणार नाही. तू बोल, अबू कनान.'

मी का? कारण मी शिकलेला. कारण मी मुलाच्या बापाच्या जागी. कारण बाकीचे सगळे काकांची नजर चुकवून खिडकीबाहेर बघत होते.

त्यांनी दोन तास शिकवणी घेतली. कडू कॉफी पहिल्यांदा तुला देतील. उजव्या हातानं घ्यायची, समोर ठेवायची, हात लावायचा नाही. मग बोलायचं. देवाची स्तुती, त्यांच्या घराण्याची स्तुती, आपल्या घराण्याची थोडी कमी स्तुती, मग मागणी. ते म्हणतील, दिली, आता कॉफी घ्या – मग प्यायची. त्याआधी प्यायलास तर तू मागायला आलाच नव्हतास असा अर्थ होतो, आणि त्या दिवशी पुन्हा मागता येत नाही.

मी म्हटलं, एवढं मला कळतं, काका. लहानपणापासून बघतोय.

मागणीचं वाक्य पिढ्यांपासून तेच आहे: 'आमचा मुलगा, अंगानं धडधाकट, मनानं नेक, तुमच्या लेकीचा हात मागतो.' मी म्हणून दाखवलं. 'धडधाकट'पाशी माझा आवाज अडकला. मिथकालकाकांना आजाराचं माहीत नाही. त्यांना वाटलं, मी घाबरलोय. म्हणाले, तिथे श्वास घे.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

दोन दिवस एकच विचार. नीट मांडून पाहतो.

तराजूत खोट असताना तो खरा म्हणून पुढे करणं – यासाठी मी लोकांना दंड केलेत. मग हे काय? पण लगेच स्वतःचा राग आला. सुहैब काय विकायचा माल आहे, की खोट उघड करून सांगायची? तो माणूस आहे. आजारी पडलेला माणूस. आणि डॉक्टर म्हणतात बरा होईल. मग न सांगितलं तर काय बिघडलं? पण न सांगण्यासारखं काही नसेल तर सांगायला का नको? – असा गोल गोल फिरतोय.

शेवटी त्यालाच विचारलं. तो गच्चीवर होता, परत आलेल्या कबुतरांपासून चार हात दूर खुर्ची टाकून, डॉक्टरीणबाईंची आज्ञा पाळत. मी विचारलं, अरीजला सांगितलंस का?

नाही म्हणाला. रोज निरोप लिहितो आणि पुसतो. आईच्या हुकुमामुळे नव्हे.

'काका, आता सांगितलं तर दोनच गोष्टी होतील. एक तर तिचा बाप घाबरून नाही म्हणेल, नाही तर ती दया येऊन हो म्हणेल. दुसरीची मला जास्त भीती वाटते. जन्मभर कळणारच नाही मला, ती माझ्याकडे आली की माझ्या आजाराकडे. मला एकदा, फक्त एकदा, निरोगी माणसाला मिळतं तसं उत्तर हवंय. मग मंगळवारी माझं काय करायचं ते करा.'

मी म्हटलं, आणि ते उत्तर खोट्यावर घेतलेलं असेल तर?

त्यानं खुर्ची कबुतरांपासून आणखी एक हात मागे घेतली. मग म्हणाला, 'तुम्ही फार चांगले आहात काका. तुमच्याबरोबर खोटं बोलणं म्हणजे दगड बांधून पोहणं.' आणि हसला. पण सांगू नका, असंच म्हणाला. मी शब्द दिला.

शब्द का दिला?

बुधवार, १२ ऑक्टोबर

सुहैबच्या छातीवर कातडीखाली छोटी डबी बसवली, तिच्यातून औषध जाणार. भूल उतरताच पहिला शब्द – 'गॅस भरायचा व्हॉल्व बसला.'

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

सविस्तर लिहितो. वगळण्याचा मोह होतोय म्हणूनच.

दुपारच्या नमाजानंतर निघालो. वीसेक गाड्या, कुनाफा मिठाईच्या पाच पराती. वहिनींनी मला दारात थांबवून माझी कॉलर नीट केली आणि डोळ्यांनीच पुन्हा बजावलं. अबू राकानचं घर वरच्या आळीत, जिन्यांवर जिने. मिथकालकाकांना दोघांनी उचलून नेलं. त्यांनी तोंड घट्ट मिटलेलं होतं, त्यामुळे ते फारच करारी दिसत होते.

अबू राकान दारात उभा. लष्करी बँडमध्ये तीस वर्षं बॅगपाइप वाजवलेला माणूस. छाती पिंपासारखी, बोलणं मोजकं. दिवाणखान्यात भिंतीला टेकून आम्ही पुरुष – आमचे आणि त्यांचे मिळून सत्तर-ऐंशी तरी. बायका आतल्या खोलीत, मधलं दार उघडं. अरीज तिकडेच कुठेतरी. सुहैब माझ्या उजव्या हाताला, नव्या सुटात, गळ्याशी बटण लावून. बटणाखालची पट्टी कुणाला दिसत नव्हती. मला दिसत होती.

कॉफी आली. उजव्या हातानं घेतली, समोर ठेवली. उभा राहिलो. देवाची स्तुती झाली. त्यांच्या घराण्याची झाली, आमची थोडी कमी झाली. सगळं ठीक. मिथकालकाका हनुवटीनं ताल धरत होते.

'आमचा मुलगा सुहैब,' मी म्हणालो, 'अंगानं –'

आणि पुढचा शब्द येईना. काकांनी सांगितलं होतं, तिथे श्वास घे. घेतला. घशात नुसती वाळू. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी त्या एका शब्दाकडे. मग माझ्या हाताला काहीतरी गार लागलं, ते ओठांपर्यंत गेलं, आणि घसा ओला झाला. बरं वाटलं.

रिकामा कप माझ्या हातात होता.

मिथकालकाकांनी डोळे मिटले. आतल्या खोलीत कुणाच्या तरी हातून चमचा पडला.

अबू राकाननं कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग अगदी सभ्यपणे म्हणाला, 'अबू कनान, पायधूळ झाडलीत, कॉफी घेतलीत, आनंद झाला. हे घर तुमचंच आहे.'

म्हणजे झालं. आम्ही सहज भेटायला आलो होतो! वीस गाड्या घेऊन, पाच पराती घेऊन. मागच्या रांगेत दोघांना खोकला लागला, मग चौघांना. माझे कान तापले. बाबा रे, बसावं की उभं राहावं हेही कळेना.

आणि माझ्या उजवीकडे सुहैब हसायला लागला. आधी खांद्यांनी, मग मोठ्यानं. त्याचं हसणं ऐकून सगळे हसले, अबू राकानच्या मिशाही हलल्या. हसता हसताच सुहैब उठला आणि माझ्या हातातला कप काढून घेतला.

'काकांची चूक नाही,' तो म्हणाला. 'मी त्यांच्याकडून शब्द घेतला होता, तो त्यांच्या घशात अडकला. मला कर्करोग आहे. मंगळवारपासून औषध सुरू होतंय, सहा महिने. डॉक्टर म्हणतात मी बरा होईन. मी लपवणार होतो, कारण मला निरोगी माणसाला मिळतं तसं उत्तर हवं होतं. आता मागत नाही. कॉफी तर काका पिऊन बसले.'

हसू मेलं. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. उघड्या दारातून वहिनींचा हुंदका आला – तो मी ओळखला. मिथकालकाकांनी उठून सुहैबचं डोकं दोन्ही हातांत धरलं, कपाळाचं चुंबन घेतलं, आणि दातांविनाच, सगळ्यांदेखत, त्याच्यासाठी दुआ मागितली. कुणीही हसलं नाही.

अबू राकान खाली बघत होता. कोणत्या इस्पितळात, त्यानं विचारलं. सुहैबनं सांगितलं. नेणार कोण? मी म्हटलं, मी. तो मान हलवत राहिला. मग आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला:

'आज तुम्ही काही मागितलं नाही. तेव्हा मीही काही नाकारलेलं नाही. एवढं लक्षात ठेवा.'

कुनाफा त्यानं ठेवून घेतला. ही चांगली खूण की नुसती रीत, कळत नाही.

शनिवार, १५ ऑक्टोबर

वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. मात्र कालच्या समारंभासाठी शिजवलेल्या मनसफचा डबा सकाळ-संध्याकाळ येतोय. भात, मटण, वर बदाम. डब्याबरोबर निरोप नाही. रागातही बदाम कमी केलेले नाहीत.

गावभर झालंय. वाण्यानं विचारलं, 'कॉफी तोलून देऊ, की पिऊनच आलात?' ऑफिसातल्या पोरांचे सतरा निरोप, सगळ्यांत कपाचं चित्र. चौकातल्या ड्रायव्हरनं तर गाडी थांबवून मला सलाम ठोकला. चिडलो नाही. नवल म्हणजे, त्याच तोंडानं प्रत्येकानं हळूच विचारलं – पोरगा कसा आहे, रक्त लागलं तर सांगा, गाडी लागली तर सांगा. दोन महिने आम्ही हे एकटेच वाहत होतो, ते कशासाठी?

पण स्वतःला सोडत नाही. चूक होती का ती? चाळीस वर्षं जाहा बघितलेला माणूस कप विसरतो? की माझ्या जिभेनं दिलेला शब्द मोडायची माझी हिंमत नव्हती, म्हणून ते काम हातावर ढकललं? हातानं मोडलेला शब्दही मोडलेलाच. सुहैबला हे सगळं बोलून दाखवलं. तो म्हणाला, 'काका, तहान लागली होती तुम्हाला. प्रत्येक घोटाचा हिशेब कशाला?'

तो आज न्हाव्याकडे जाऊन सगळे केस काढून आला. गळायची वाट कोण बघणार म्हणाला. कान केवढे मोठे आहेत त्याचे! भावाचे होते तसेच. न्हाव्यानं पैसे घेतले नाहीत, उलट टोपी दिली.

अरीजच्या घरून काहीच नाही. दर वेळी फोन वाजला की तो बघतच नाही अशा बेतानं बघतो. रात्री मी खाली गेलो तेव्हा जेवता जेवता एकदाच म्हणाला, 'गप्प राहणं हेही उत्तरच असतं ना?' वहिनींनी त्याच्या ताटात आणखी मटण वाढलं.

रविवार, १६ ऑक्टोबर

आत्ताच दुपारी अबू राकानचा फोन आला. शब्द विसरायच्या आत उतरवून घेतो, सुहैबला सांगायला खाली जायच्या आधी.

नमस्कार-चमत्कार नाही. 'अरीजचं थॅलेसेमियाचं रक्त आज सकाळी देऊन झालं. तुमच्या मुलाचं कधी?' मला काही उमगेना. तो म्हणाला, 'अहो, निकाहच्या तपासणीचं. दोघांचे दाखले बघितल्याशिवाय काझी लिहीत नाही. किमो सुरू झाल्यावर रक्त बदलतं म्हणे, ती कुठेतरी विचारून आली आहे. निकाह लिहिलेला असला की इस्पितळात तिला त्याच्याजवळ बसता येईल, कुणी काही म्हणणार नाही. जाहाचं नंतर बघू.'

मी विचारलं, तुम्ही तिला समजावलं नाहीत? 'दोन रात्री,' तो म्हणाला. 'आणि तिनं तुमच्या मुलाला एक निरोप दिलाय. माझं उत्तर जूनमधलं आहे म्हणावं. तेव्हा त्याला काहीच झालेलं नव्हतं.'

उद्या: आरोग्य केंद्र उघडायच्या आत सुहैबला घेऊन दारात हजर असणे.